तमाशावर बंदी आली, अण्णाभाऊंनी नाव बदललं; चिमटे मात्र तेच ठेवले

घाटकोपर पश्चिमेला चिरागनगर नावाची वस्ती आहे. आपल्या वाळवा, शिराळा भागातली माणसं पोटासाठी मुंबईला गेली ती आधी परळ-लालबागच्या चाळींत राहिली, मग जागा पुरेना तशी घाटकोपर, विक्रोळी, भांडुपच्या झोपड्यांत सरकली. चिरागनगरच्या अशाच एका झोपडीत वाटेगावचा एक माणूस वीस वर्षांहून जास्त काळ राहिला. कंदिलाच्या उजेडात कथा, कादंबऱ्या, पोवाडे, वग लिहीत राहिला. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे.

18 जुलैला त्यांचा स्मृतिदिन आणि 1 ऑगस्टला जयंती. या पंधरवड्यात गावोगाव फलक लागतात, मिरवणुका निघतात, पुढाऱ्यांची भाषणं होतात. भाषणात दीड दिवसाची शाळा येते, रशियाची वारी येते, 'फकिरा' येते. एक गोष्ट मात्र सहसा येत नाही. याच माणसाचे खेळ सरकारने बंद पाडले होते. आणि ते सरकार इंग्रजांचं नव्हतं, स्वतंत्र भारतातलं, निवडून आलेलं, आपल्याच माणसांचं होतं. कलावंताला कुणाला टोचेल असं बोलायचा हक्क आहे की नाही, यावर हल्ली मोठ्या शहरांत चर्चासत्रं भरतात. आपल्या तालुक्याने या वादाची झळ 75 वर्षांपूर्वीच सोसलेली आहे. म्हणून यंदा अण्णाभाऊंची कहाणी या अंगाने सांगायची आहे.

हजेरीच्या गावातून

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचं पाळण्यातलं नाव. जन्म 1 ऑगस्ट 1920, वाटेगाव, तालुका वाळवा. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. वडील भाऊराव, आई वालूबाई. मांगवाड्यातलं घर. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं त्या कायद्याच्या आणि संशयाच्या नावाखाली गावोगावच्या अनेक जातींवर हजेरीचा जाच आला. गुन्हा केला असो वा नसो, पाटलापुढं जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचं. ज्या समाजाला स्वतःच्या गावात नुसतं असण्याचासुद्धा हिशेब द्यावा लागत होता, त्या समाजातलं हे पोर. पुढं भर मैदानात हजारो लोकांपुढं उभं राहून याच पोराने शेठजीची, सावकाराची आणि मंत्र्याची टिंगल केली. ती वरच्यांना एवढी का झोंबली, याचं अर्धं उत्तर या हजेरीत आहे.

शाळा दीड दिवसाची. मास्तरांचा मार आणि पोराचा राग, एवढ्यात ती संपली. पण दांडपट्टा, लाठीकाठी, रानातली भटकंती, पोवाडे आणि ऐकलेली गाणी पाठ करणं यात पोरगं तरबेज होतं. गावाच्या आठवणीत फकिराच्या कथा होत्या. दुष्काळात उपाशी माणसांसाठी लूट करणारा, इंग्रजांशी भिडलेला फकिरा. त्या कथा डोक्यात बसल्या, त्या पुढं तीस वर्षांनी कागदावर उतरल्या.

1931 च्या सुमारास साठ्यांचं कुटुंब मुंबईला निघालं. गाडीभाडं नव्हतं, म्हणून चालत. दोनशेहून अधिक मैल. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल ते खायचं आणि पुढं चालायचं. मुंबईत पहिला मुक्काम भायखळ्याला पडला. तुकारामाने कोळसे वाहिले, हमाली केली, घरगड्याचं काम केलं, पुढं गिरणीत लागला. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून. त्या पाट्या वाचता वाचता पोरगं पुस्तकांपर्यंत पोचलं, पुस्तकांवरून मॅक्सिम गॉर्कीपर्यंत. मिरवणुका, मोर्चे, संप हे सगळं डोळ्यांदेखत चाललेलं होतं.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांची कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी गाठ पडली. महाडच्या चळवळीतून आलेले कॉ. आर. बी. मोरे यांच्यासारखी माणसं तिथं होती. मार्क्स आणि बाबासाहेब, दोघांचीही नावं त्या वस्तीत घेतली जात. तिथल्या मच्छरांवर अण्णाभाऊंनी गाणं रचलं, ही त्यांच्या शाहिरीची सुरुवात म्हणून सांगितली जाते. विषय बघा. चावणाऱ्यावर गाणं! पुढं आयुष्यभर त्यांनी तेच केलं, फक्त चावणारे बदलत गेले.

सोंगाड्याला असलेली सूट

मधल्या काळात ते गावाकडे परतले आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात राहिले. ढोलकी, तुणतुणं, बुलबुल, पेटी, हाताला लागेल ते वाजवायचं. सोंगं करायची. या दिवसांचं महत्त्व कमी लेखू नये. लिहायला ते मुंबईत शिकले असतील, पण टोमणा मारायला ते इथं, आपल्या भागातल्या जत्रांत शिकले.

ज्यांनी जत्रेतला तमाशा पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सुपारी गावकीने दिलेली असते. पुढच्या रांगेत पाटील, सरपंच, सोसायटीचे चेअरमन बसलेले असतात. आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. बतावणीत सोंगाड्या पुढं येतो आणि पुढच्या रांगेलाच धरतो. पाटलाच्या मिशीपासून सावकाराच्या व्याजापर्यंत काहीही बोलतो. मागं बसलेलं गाव खदाखदा हसतं, आणि पाटलालाही हसावं लागतं. नाही हसला तर त्याचीच शोभा. ही सूट कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती, पण गावाने ती कैक पिढ्या पाळली होती.

मात्र या सुटीला एक कुंपण होतं. ती एका रात्रीपुरती होती. उजाडलं, कनात उतरली की सोंगाड्या परत वेशीबाहेर आणि पाटील परत पाटील. रात्रीचा शब्द सकाळी कुणी धरायचा नाही, बोलणाऱ्यानेही नाही आणि ऐकणाऱ्यानेही नाही. अण्णाभाऊंनी हे कुंपण मोडलं. रात्री बोललेलं ते सकाळी मागं घेत नव्हते. उलट त्याच गोष्टीवरून सकाळी मोर्चा काढायला सांगत होते. माझ्या मते वाद शिव्यांचा किंवा अचकट-विचकटपणाचा नव्हताच, तो या सकाळचा होता.

1943 साली त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा केला. वाटेगावचा माणूस रशियातल्या शहरावर पोवाडा गातो, हे गिरणगावात गाजलं. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लालबावटा कलापथक उभं राहिलं. अमर शेख मूळचे बार्शीचे, आवाज डोंगरावर आदळून परत येईल असा. गव्हाणकर सीमाभागाशी नातं असलेले. आणि लेखणी अण्णाभाऊंची. या तिघांनी कामगार मैदानं, चाळींची पटांगणं, शेतकरी परिषदा गाजवून सोडल्या.

तमाशाचा साचा अण्णाभाऊंनी घेतला, पण आतलं सामान बदललं. गणात गणपतीऐवजी मायभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रमणाऱ्यांना वंदन आलं. कृष्ण, गौळणी आणि मावशी यांच्या थट्टेची गौळण त्यांनी काढूनच टाकली. वगातला राजा-प्रधान गेला आणि त्या जागी सावकार, गिरणीमालक, उमेदवार, मंत्री आले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेठजींचे इलेक्शन', 'बेकायदेशीर', 'पुढारी मिळाला', 'लोकमंत्र्यांचा दौरा'. नावं वाचली तरी कुणाची उडवलीय ते समजतं. आणि अजूनही, आपल्याकडची कुठलीही निवडणूक आठवून वाचा, नावं जुनी वाटत नाहीत.

एक बाब इथं ध्यानात ठेवावी. तमाशावर अश्लीलतेचा आरोप नेहमी होत आला, आणि तो मुख्यतः गौळण व लावणीतल्या चावटपणावरून. अण्णाभाऊंनी गौळणच ठेवली नव्हती. तरी त्यांच्या खेळांवर गदा आली.

बंदी आली ती अशी

नाटकावर सरकारी पहारा ही काही 1948 सालची नवलाई नव्हती. इंग्रजांनी 1876 साली नाट्यप्रयोगांवर बंदी घालायचा कायदा केला. त्याचा फटका आपल्या सांगलीच्याच माणसाला बसला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होता. इंग्रजांना ते उमगायला थोडा वेळ लागला. 1910 साली नाटकावर बंदी आली. त्या वेळी देशभक्त मंडळींनी या बंदीविरुद्ध खूप राग व्यक्त केला होता, आणि तो रास्तच होता.

स्वातंत्र्य आलं, पण तो कायदा गेला नाही. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं सरकार होतं आणि गृहखातं मोरारजी देसाई यांच्याकडे. अंमळनेरच्या गिरणी कामगारांवर 1946 साली गोळीबार झाला तो याच सरकारच्या काळात. अण्णाभाऊंनी त्या हुतात्म्यांवर पोवाडा रचला आणि तो ठिकठिकाणी गायला. सरकारला तो गोड लागणं शक्यच नव्हतं. पुढं 1948 मध्ये कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली, पुढारी तुरुंगात गेले किंवा भूमिगत झाले. याच सुमारास सरकारने तमाशावर बंदी आणली, लालबावटाच्या कार्यक्रमांनाही मनाई केली. कवितेवरून तुरुंगात जाण्याचे ते दिवस होते. मजरूह सुलतानपुरी हे सिनेमाचे मोठे गीतकार, त्यांना याच काळात नेहरूंवर टीका करणाऱ्या कवितेपायी मुंबईत तुरुंगवास भोगावा लागला.

सरकारची बाजू अगदीच टाकाऊ होती असं मी म्हणणार नाही. तमाशातल्या बायकांचे हाल होते, दौलतजादा होती, पैसेवाल्यांची मस्ती होती. हे बंद व्हावं असं मनापासून वाटणारी सज्जन माणसं होती आणि मोरारजीही त्यातलेच, दारूबंदी आणणारे. पण घर गळतं म्हणून कुणी घरच पाडत नाही. बंदीने बाईचे हाल थांबले नाहीत, तिची भाकरी थांबली. फडमालक, ढोलकीवाले, झीलकरी, नाचणाऱ्या पोरी, साऱ्यांच्या चुली विझायची वेळ आली. त्यांनी सरकारदरबारी अर्ज-विनंत्या केल्या. मग सुधारणेसाठी समिती नेमली गेली, अटी घातल्या गेल्या, मजकूर तपासून घ्यायची पद्धत आली. 1954 साली तपासणीचं मंडळच बसलं, तेच आजचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. थोडक्यात, सोंगाड्याच्या तोंडावर शिक्का बसला. पाटलाच्या समोर जे चालत होतं, ते मंत्रालयासमोर चालेना.

अण्णाभाऊंनी काय केलं? ते अर्ज घेऊन गेले नाहीत. बंदी तमाशावर आहे ना, मग आम्ही तमाशा करतच नाही, आम्ही लोकनाट्य करतो. फलकावरचा शब्द बदलला. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, सोंगाड्या तोच, चिमटेही तेच. कागदावर तमाशा उरला नाही आणि मैदानात तो जोरात चालू राहिला. 'मूक मिरवणूक' हे लोकनाट्य 1949 सालचं, त्याचं नावच त्या दिवसांत तोंड कसं बांधलं जात होतं ते सांगतं. 1949 मध्येच अलाहाबादच्या अधिवेशनात इप्टा या देशव्यापी नाट्यसंघाचं अध्यक्षपद या दीड दिवस शाळा शिकलेल्या माणसाकडे आलं. बलराज साहनींसारखे नट त्यांच्या सोबतीला होते.

नाव बदलण्याची ही युक्ती कौतुकाने सांगितली जाते, आणि ती कौतुकाचीच आहे. पण तिच्या पोटात एक दुखणंही आहे. लोकनाट्य हा शब्द पुढं प्रतिष्ठेचा झाला. शहरातल्या नाट्यगृहात, तिकीट काढून, सहकुटुंब बघायची गोष्ट झाली. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' 1965 साली आलं, दादा कोंडक्यांनी त्यात धमाल उडवली. राजावर, कोतवालावर, म्हणजे पर्यायाने सरकारवर भरपूर विनोद. आणि पुढच्या रांगेत पुढारी, अधिकारी बसून मनमोकळं हसत. जत्रेतला पाटील हसायचा तसंच. त्या हसण्याला काही वाईट म्हणायचं नाही, खेळ झकासच होता. पण जत्रेतला तमाशा तंबूत, चिखलात, परवान्यांच्या खेपा घालत राहिला आणि त्याला नावं ठेवली जातच राहिली. शब्द वर गेला, माणसं खालीच राहिली.

मैदानातून झोपडीत

1952 ला मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि पुढच्या काही वर्षांत संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलं. नोव्हेंबर 1955 आणि जानेवारी 1956 मध्ये मुंबईत गोळीबार झाले. शंभराहून जास्त माणसं या लढ्यात गेली. तेव्हा पुन्हा अमर शेख, गव्हाणकर आणि अण्णाभाऊ रस्त्यावर होते. 'माझी मैना' ही छक्कड त्यातली. वरवर ती गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या मुंबईकराची लावणी आहे. आत मुंबई, बेळगाव, कारवार, डांग यांची ताटातूट आहे. ज्या लावणीला नाकं मुरडली जात होती, तिच्यातच अण्णाभाऊंनी राज्याचा प्रश्न घालून दाखवला. घाटकोपरच्या खोपटात राहणाऱ्या, बायको शिराळ्याला ठेवून आलेल्या गड्याला त्यातले दोन्ही अर्थ एकदम कळत होते. 1 मे 1960 ला राज्य झालं.

दरम्यान चिरागनगरच्या झोपडीत लिहिणं चालूच होतं. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथांचे कितीतरी संग्रह. त्यातली माणसं वारणेच्या खोऱ्यातली आणि मुंबईच्या झोपडपट्टीतली. 'स्मशानातलं सोनं' या कथेतला भीमा आपल्याच वारणाकाठचा, उपनगरातल्या खाणीत दगड फोडणारा. खाण बंद पडते आणि हा गडी पोटासाठी मढी उकरून त्यांच्या अंगावरचं सोनं शोधू लागतो. वाचताना अंगावर काटा येतो. 1950 च्या सभ्य मराठी कथेला असला नायक झेपणारा नव्हता. लेखकाने वाचकाची मर्जी सांभाळायची ठरवली असती तर तो भीमा कागदावर आलाच नसता. इथं कुणाच्या देवाधर्माचा अपमान नाही, कुणा पुढाऱ्याची टिंगल नाही, तरीही वाचणाऱ्याला ती कथा सुखाने बसू देत नाही. 'वैजयंता' या कादंबरीत त्यांनी तमाशातल्या बाईला नायिका केलं. सरकार आणि समाज जिला घाण म्हणत होते तिला त्यांनी मान दिला.

2 मार्च 1958 ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक अण्णाभाऊ. पृथ्वी शेषनागाच्या फण्यावर तोललेली आहे ही पुराणातली समजूत त्यांनी त्या व्यासपीठावर नाकारली आणि तो भार दलितांच्या व कामगारांच्या हातांवर दिला. हे वाक्य आता पोस्टरवर छापतात आणि सगळे माना डोलावतात. ज्या काळात ते बोललं गेलं तेव्हा त्याला धार होती. भाविकाला ते बोचणारं होतं, आणि पक्षाच्या चौकटीत दलित हा शब्द कामगाराच्या आधी उच्चारणंही सगळ्यांनाच रुचणारं नव्हतं.

1959 साली 'फकिरा' आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. प्रस्तावना वि. स. खांडेकर यांची. खांडेकरही मूळचे सांगलीचे, पण वाढले, लिहिते झाले ते वेगळ्या जगात. त्यांनी या पुस्तकाची पाठ थोपटली हे त्यांचं मोठेपण. ज्याला इंग्रजांच्या दप्तराने दरोडेखोर ठरवलं तो इथं नायक होता, आणि ज्याची हजेरी घेतली जायची तो समाज इथं मान वर करून उभा होता. 1961 साली 'फकिरा'ला महाराष्ट्र सरकारचा पुरस्कार मिळाला. बारा-तेरा वर्षांपूर्वी ज्यांच्या खेळांवर मनाई होती त्यांनाच सरकारने गौरवलं. तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते, माणूस वाचणारा होता. तरी एक सांगावंसं वाटतं की पुरस्कार इंग्रजांशी लढणाऱ्या फकिराला मिळाला, मंत्र्यांच्या दौऱ्याची टर उडवणाऱ्या लोकनाट्याला नाही. गेलेल्या सत्तेवरचा राग पचवायला सोपा असतो.

त्याच साली ते रशियाला जाऊन आले. पायी मुंबई गाठलेला माणूस विमानाने मॉस्कोला गेला. 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यातून झालं. त्यांच्या कथांवर सिनेमे निघाले. पैसा मात्र लेखकाच्या हाती फारसा लागला नाही. शेवटची वर्षं हलाखीची गेली. दारू, आजारपण आणि एकटेपणही त्यात होतं, ते झाकण्यात अर्थ नाही. 1968 च्या सुमारास सरकारकडून गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर मिळालं. तिथं 18 जुलै 1969 ला अण्णाभाऊ गेले. वयाची 49 पुरी व्हायला दोन आठवडे बाकी होते. पुढच्याच महिन्यात, 29 ऑगस्टला, अमर शेख इंदापूरजवळ अपघातात गेले. दीड महिन्यात लालबावटाचे दोन आवाज बंद झाले.

आज त्यांचा वग लावायचा तर

2002 साली अण्णाभाऊंच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. सप्टेंबर 2022 मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला, अनावरणाला देवेंद्र फडणवीस गेले होते. जयंतीला सगळे पक्ष येतात. यात वाईट काही नाही. पण पुतळा बतावणी करत नाही, पुढच्या रांगेतल्या कुणाचं नाव घेत नाही, म्हणून तो सगळ्यांना चालतो. त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्यांपैकी कितीजणांनी 'लोकमंत्र्यांचा दौरा' किंवा 'शेठजींचे इलेक्शन' वाचलंय, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. आणि हल्ली नुसतं सरकारच पहारा करतं असंही नाही. भावना दुखावल्या म्हणून निवेदन घेऊन तहसीलदारांकडे जाणारे प्रत्येक तालुक्यात तयार आहेत, सगळ्या जातींचे, सगळ्या झेंड्यांचे. ज्यांच्या आजोबांची थट्टा जत्रेत व्हायची आणि ते हसायचे, त्यांचे नातू आता मोबाइलवरची चार ओळींची कविता सहन करीत नाहीत.

अण्णाभाऊंनंतरही भांडण चालूच राहिलं. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला 1972 मध्ये परिनिरीक्षण मंडळाने अडवलं, तेव्हा कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. निकाल नाटकाच्या बाजूने लागला. 1876 चा इंग्रजी कायदा 2018 साली केंद्राने रद्द केला. पण आपल्या राज्यातली मजकूर तपासायची पद्धत त्या कायद्यावर नाही, पोलीस कायद्याखालच्या नियमांवर उभी आहे. 2016 साली अमोल पालेकर यांनी त्या नियमांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. पुस्तक आधी तपासून घ्यावं लागत नाही, वर्तमानपत्र तपासून घ्यावं लागत नाही, मग नाटकानेच काय पाप केलंय, असा तो साधा मुद्दा होता.

यंदा कुणा मंडळाला जयंतीला डीजेऐवजी 'पुढारी मिळाला'चा प्रयोग बसवावासा वाटला तर बसवावा. माणसं थोडी लागतात, ढोलकी-तुणतुणं आपल्या भागात अजून आहे, आणि विषय तर रोजचाच आहे. एवढंच, की प्रयोगाआधी संहितेची प्रत मुंबईला परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून योग्यतेचं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका.